कुत्रा, सायकल आणि एका रात्रीचा मुक्काम

लासलगावच्या उत्तरेला चांदवडची डोंगररांग, पूर्वेला अनकाई-टनकाई, दक्षिणेला गोदाकाठ. घरी गिअरची सायकल आहे, दारात धावायला सदा तयार असलेला कुत्रा आहे, आणि दोघांना घेऊन एक रात्र बाहेर काढावी असं आपल्या मनात आलं, तर ते अगदी जमण्यासारखं आहे. फक्त बेत सायकलीपासून आखायला घेऊ नये. किती अंतर जायचं, किती वाजता निघायचं, काय शिजवायचं आणि कुठे झोपायचं, हे सगळं कुत्रा ठरवतो. माणूस दमला की कुरकुर करतो. कुत्रा मात्र मालक पुढे चाललाय म्हणून कोसळेपर्यंत धावत राहतो.

तेव्हा आधी कुत्र्याकडे नीट पाहू. वर्ष-दीड वर्षाच्या आतल्या पिलाची हाडं अजून वाढत असतात, त्याला सायकलीबरोबर धावायला लावू नये. पग, बुलडॉग अशा चपट्या तोंडाच्या जातींना श्वासच पुरत नाही. त्यांना मुक्कामाला न्यावं, धावायला नाही. लठ्ठ झालेल्या लॅब्राडोरचं आधी वजन उतरवावं. पश्मी किंवा कारवानी कुत्रा वाऱ्यासारखा पळतो, पण ससा दिसला की तो सायकलसकट आपल्याला बांधावरून ओढत नेईल. माझं मत विचाराल तर या कामाला आपला अंगाने सडपातळ गावठी कुत्राच सरस. ऊन, काटे आणि अनोळखी गाव यांची त्याला जन्मापासून सवय असते.

मग जनावरांच्या डॉक्टरांकडे एक फेरी. रेबीजची लस चालू वर्षाची हवी. लेप्टोचीही घेतलेली बरी. हा उंदरांच्या लघवीतून साचलेल्या पाण्यात उतरणारा आजार आहे, आणि कुत्रा वाटेतलं प्रत्येक डबकं चाखून पाहतोच. गोचिडांचं औषध निघण्याच्या आदल्या दिवशी देण्याऐवजी आठवडाभर आधी, डॉक्टरांना विचारून द्यावं. इथे नेहमी एक चूक होते: गायी-म्हशींसाठी आणलेलं गोचिडांचं औषध अंदाजाने पाण्यात मिसळून कुत्र्यावर ओतलं जातं. कुत्रा ते चाटतो आणि विषबाधा होते. तसंच आपल्या खिशातली अंगदुखीची गोळी कुत्र्याला कधीच देऊ नये. माणसाच्या वेदनाशामक गोळ्यांनी त्याचं यकृत, मूत्रपिंड किंवा आतडी बिघडतात.

आता सायकल. नवशिक्याला हार्डटेल पुरते, म्हणजे पुढच्या चाकाला धक्के शोषणारा शॉक असलेली, मागे साधी चौकट असलेली सायकल. टायर दोन इंचांच्या आसपास रुंद असावेत. सीटची उंची पाहण्याची सोपी रीत अशी: टाच पेडलवर ठेवून पेडल सर्वांत खाली न्यावं, पाय सरळ झाला की उंची बरोबर. बहुतेकांची सीट खालीच असते आणि मग गुडघे दुखले की दोष चढाला दिला जातो. गिअर चढ लागण्याआधी हलका करावा. चढाच्या मध्यावर जोर लावत बदलला तर चेन उतरते.

आपल्याकडच्या वाटांवर पंक्चर हे ठरलेलंच. सराटा आणि बाभळीचा काटा यांच्यापुढे चांगले टायर हात टेकतात. दोन जादा ट्यूब, पंप, टायर काढायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या आणि पंक्चरचं साहित्य जवळ असू द्यावं. ट्यूब बदलताना नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोट हळूच फिरवून काटा शोधावा. तो तसाच रुतून राहिला तर पाच मिनिटांत दुसरी ट्यूबही बसते. आणि टायरला सराटे लागले म्हणजे कुत्र्याच्या पंजातही गेले असणार, हे तिथल्या तिथे तपासावं.

कुत्र्याला सायकलीला जोडण्यासाठी गळ्यातला पट्टा चालत नाही. हार्नेस लागतो, म्हणजे छातीभोवती आणि पोटाखालून बसणारा पट्टा, ज्यात ओढ गळ्यावर न येता छातीवर येते. दोरी हँडलला कधीही बांधू नये, मनगटाला तर मुळीच नाही. मांजर आडवं गेलं की आपण थेट जमिनीवर. सीटखालच्या नळीला बसणारा स्प्रिंगचा दांडा मिळतो, तो कुत्र्याचा झटका खाऊन टाकतो आणि त्याला चाकापासून लांबही ठेवतो. कुत्रा नेहमी डाव्या बाजूला, म्हणजे वाहनं आपल्या उजवीकडून जातील.

सराव निदान दीड-दोन महिने आधी सुरू करावा. पहिले काही दिवस सायकल नुसती हातात धरून कुत्र्याबरोबर चालावं. चाकाच्या आवाजाची भीती गेली की बसून, माणूस झपझप चालतो तेवढ्याच वेगाने किलोमीटरभर. मग आठवड्यागणिक थोडं थोडं वाढवत चार-पाच किलोमीटरपर्यंत. ‘थांब’, ‘हळू’, ‘सोड’ हे तीन शब्द पक्के होईपर्यंत अंतर वाढवण्यात अर्थ नाही. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सायकल शर्यत पुरी केली, तेव्हापासून आपल्या जिल्ह्यात सायकलीला वेगळाच मान आला आहे. पण ती जिद्द एकट्याच्या सायकलीसाठी राखून ठेवावी.

सरावाला निफाड-येवल्याकडे जाणाऱ्या पालखेडच्या डाव्या कालव्याकडेची वाट चांगली. मातीची आहे, सपाट आहे, गाड्या कमी. मात्र कालव्याला पाण्याचं आवर्तन सुटलेलं असेल तेव्हा तिकडे जाऊ नये. पाण्याला ओढ असते, आणि जिथे काठ सिमेंटचे, घसरडे आहेत तिथे आत उतरलेल्या कुत्र्याला वर चढताच येत नाही. त्याच्या मागे माणूस उतरतो आणि मग दोघांना काढायची वेळ येते.

महिना कोणता? पावसाळ्यात काळी माती चाकात आणि ब्रेकमध्ये अशी भरते की सायकल खांद्यावर घ्यावी लागते. मार्चनंतर ऊन कुत्र्याला मानवत नाही. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतचे दिवस आपले. या काळात थंडीला हलकं समजू नये: निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा हिवाळ्यात राज्यातल्या नीचांकी तापमानाच्या बातमीत दरवर्षी येतो, ते उगाच नाही. दुपारी शर्ट काढावासा वाटतो आणि पहाटे दात वाजतात. अवकाळीचा अंदाज असेल तर बेत सरळ पुढे ढकलावा.

जागा निवडताना आधी नकाराची यादी करावी. नांदूरमध्यमेश्वर अगदी जवळ, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, आणि हिवाळ्यात तर पक्ष्यांची जत्रा. पण ते अभयारण्य आहे, तिथे कुत्रा नेऊ नये. काठावर भुंकणारं एक कुत्रं शेकडो बदकं उठवतं. येवला तालुक्यातलं ममदापूर काळविटांसाठी राखलेलं आहे, तेही वगळावं. अनकाईवर पायऱ्या, माकडं आणि भाविकांची वर्दळ. उसाच्या पट्ट्यातला गोदाकाठ बिबट्यामुळे रात्रीसाठी नको. त्याबद्दल पुढे येईलच.

उरते चांदवडच्या पलीकडची सातमाळा डोंगररांग. राजधेरवाडी हे राजधेर आणि इंद्राई या किल्ल्यांच्या पायथ्याचं गाव. पहिल्या सफरीत किल्ला चढायचा नाही, कारण राजधेरला लोखंडी शिडी आहे आणि कुत्र्याला शिडी चढता येत नाही. खांद्यावर घेऊन चढवणारे महाभाग असतात, आपण त्यांच्यात जाऊ नये. पायथ्याच्या गाडीवाटा, माळरान आणि मुरमाचे चढउतार नवशिक्याला दोन दिवस पुरून उरतात.

तंबू कुठेही ठोकता येतो हा एक गोड गैरसमज आहे. वनखात्याच्या जमिनीवर परवानगीशिवाय मुक्काम करता येत नाही. सगळ्यांत सोपं म्हणजे ओळखीतून एखाद्या शेतकऱ्याच्या वस्तीवर, घराला लागून जागा मागणं. आठवडाभर आधी एकदा मोटरसायकलवर जाऊन यावं, चहा प्यावा, पाणी कुठे आहे ते पाहावं, घरात कुत्री-मांजरं-कोंबड्या किती आहेत तेही विचारावं. गावच्या पोलीस पाटलांच्या कानावर घातलं की रात्री कोणी बॅटरी घेऊन चौकशीला येत नाही.

लासलगावहून तिथपर्यंत जायचं कसं? कुत्र्याला डांबरी रस्त्याने पळवत नाही, हे पक्कं. कांद्याच्या हंगामात बाजार समितीकडे येणाऱ्या ट्रॅक्टर-पिकअपच्या रांगांमधून तर मुळीच नाही. सायकल, सामान आणि कुत्रा छोट्या टेम्पोत किंवा घरच्या गाडीत घालून, रांगा लागण्याआधी निघावं. रेल्वेचा विचार इथे सोडून द्यावा. कुत्र्याला फर्स्ट एसी किंवा फर्स्ट क्लासचा पूर्ण कूपे घेतला तरच सोबत बसवता येतं, नाहीतर गार्डच्या डब्यातल्या पेटीत. मनमाडपर्यंतच्या प्रवासाला हा खटाटोप कोण करणार?

गाडीने सामान पोचलं की एक मोठा फायदा होतो: तळ एकच राहतो. तंबू, भांडी, अंथरूण सायकलीवर लादून चढ चढायची गरज नाही. वस्तीवर तळ ठेवायचा आणि तिथून रिकाम्या सायकलीने फिरून यायचं.

आता खाणं. या मुद्द्यावर आपल्या भागात जरा जास्त थांबायला हवं, कारण आपली दोन्ही मोठी पिकं कुत्र्याला विष आहेत.

कांदा कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. कच्चा असो, तळलेला असो, रश्श्यात विरघळलेला असो, फरक पडत नाही, लसणाचंही तेच. कुत्र्याच्या वजनाच्या किलोमागे १५ ते ३० ग्रॅम कांदा पोटात गेला की रक्तात बिघाड दिसू लागतो. दहा किलोच्या कुत्र्याला हे दीडशे ग्रॅम, म्हणजे मध्यम आकाराचे दोन कांदे. रोज थोडा थोडा खाल्ला तरी परिणाम साठत जातो. फसवी गोष्ट ही की त्या दिवशी काहीच होत नाही. तीन-चार दिवसांनी कुत्रा मलूल होतो, हिरड्या पांढुरक्या पडतात, लघवी गडद तांबूस होते, आणि तोवर आपण ते जेवण विसरलेलो असतो.

हे घडतं कसं? वस्तीवरच्या मावशी प्रेमाने पिठलं-भाकरी, शेवभाजी करतात. ताटात उरलेली भाकरी रश्श्यात कुस्करून कुत्र्यापुढे ठेवणं हा तर आपल्याकडचा साधा पाहुणचार. पिठल्यात कांदा, रश्श्यात कांदा-लसूण मसाला, ठेच्यात लसूण. म्हणून पोचल्या पोचल्या सांगून टाकावं, ‘मावशी, आमच्या कुत्र्याला पथ्य आहे, त्याचं आम्ही आणलंय.’ पथ्य म्हटलं की कोणी आग्रह करत नाही. डब्यातल्या कांदाभज्यांवरही नजर ठेवावी.

द्राक्षं आणि बेदाणे त्याहून बेभरवशाचे. त्यांनी काही कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. किती खाल्ले तर चालतील असा सुरक्षित आकडाच नाही. त्यातलं टार्टारिक आम्ल हे कारण असावं असं अलीकडे मानलं जातं. सायकलस्वार खिशात बेदाण्याची पुडी ठेवतातच. ती चेन असलेल्या खिशात असावी. कुत्र्याने खाल्ले असतील तर उलटीची वाट न पाहता लगेच डॉक्टर गाठावा. द्राक्षबागेत कुत्रा सोडूही नये. छाटणीनंतर काड्यांना लावतात ते आणि पुढे फवारतात ती औषधं पायाला लागतात आणि तो पाय चाटतो.

मग द्यायचं काय? घरी जे खातो तेच. सफरीत नवीन खाणं सुरू केलं की रात्री जुलाब होतात, तेही तंबूत. साधी बाजरीची भाकरी, उकडलेली अंडी, बिनमसाल्याचं चिकन-भात, किंवा नेहमीचे दाणे, रोजच्यापेक्षा पाव हिस्सा जास्त. धावण्याआधी आणि नंतर दोन-दोन तास पोटभर खायला घालू नये. मोठ्या, खोल छातीच्या कुत्र्यांचं पोट फुगून त्याला पीळ बसतो आणि तो जिवावर बेततो. पाण्याचा हिशेब असा: बसून असलेल्या कुत्र्याला किलोमागे दिवसाला साधारण ५० ते ६० मिलिलिटर लागतं, धावणाऱ्याला दुप्पट-तिप्पट. वीस किलोच्या कुत्र्यासाठी तीन लिटर वेगळं धरावं.

फिरायला सकाळी पूर्ण उजाडल्यावर, साडेसात-दहाच्या दरम्यान निघावं. संध्याकाळची फेरी चारला सुरू करून साडेपाचला तळावर. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. दोन्ही फेऱ्या मिळून दहा किलोमीटरच्या वर जाऊ नये. वेग असा ठेवावा की कुत्रा दुडक्या चालीने येईल. तो चौखूर उधळत असेल तर आपण जोरात चाललोय. दर पंधरा मिनिटांनी थांबून दोन घोट पाणी. वाटेत डांबरी तुकडा आलाच तर तळहाताची मागची बाजू सात सेकंद त्यावर टेकवून पाहावी. आपल्याला चटका सोसवत नसेल तर त्याच्या पंजांनाही सोसवत नाही.

जीभ रुंद होऊन लोंबते, लाळ चिकट होते, हिरड्या लालभडक होतात, पाय लटपटतात, हा उष्माघात. सावलीत घेऊन पोटावर, मांड्यांवर, पंजांवर पाणी ओतावं, वारा घालावा आणि डॉक्टरांकडे निघावं. ओला टॉवेल गुंडाळून ठेवणं ही नेहमीची चूक. टॉवेल तापतो आणि उष्णता आतच कोंडते.

दुसरं संकट गावकुसावर भेटतं. वाडीतली कुत्री पाहुण्या कुत्र्यावर टोळीने येतात. जोरात सायकल मारून निसटायचा मोह होतो, तो टाळावा, पळणाऱ्याचाच पाठलाग होतो. खाली उतरावं, सायकल आडवी धरावी, आपला कुत्रा पलीकडच्या बाजूला घ्यावा आणि न थांबता चालत निघावं. शेतात धनगरांचा मेंढ्यांचा वाडा बसलेला दिसला तर लांबून वळसा घ्यावा. त्यांची कुत्री राखणीसाठीच असतात, आणि आपला कुत्रा मेंढरांत घुसला तर चूक आपली, भरपाईही आपली.

आता रात्र. बिबट्याला कुत्रा हे आवडतं, सोपं भक्ष्य आहे. शेजारच्या जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेवरून त्याचा आहार तपासला, तेव्हा भक्ष्याच्या एकूण वजनात सर्वांत मोठा वाटा पाळीव आणि भटक्या कुत्र्यांचा निघाला, ३९ टक्के. तंबूबाहेर खुंटीला बांधलेला कुत्रा आपली राखण करत नसतो. तो आमिष झालेला असतो. साखळीमुळे त्याला पळताही येत नाही.

म्हणून पोचल्यावर पहिला प्रश्न वस्तीवरच्या माणसांना: अलीकडे वाघरू दिसलं का, कोणाची शेळी-कुत्रं गेलं का? उत्तर ‘हो’ असेल तर तंबू गुंडाळून ठेवावा आणि कुत्र्यासह घरातल्या खोलीत किंवा पक्क्या पडवीत दार लावून झोपावं. त्यात कमीपणा काही नाही. उत्तर ‘नाही’ असलं तरी तंबू घराच्या भिंतीजवळ, अंगणातल्या दिव्याखाली, ऊस-मका-झुडपांपासून दूर. कुत्रा तंबूच्या आत, आपल्या पायाशी. तंबूचं कापड म्हणजे भिंत नव्हे, पण माणसाजवळ बंदिस्त असलेल्या कुत्र्याला बिबट्या सहसा हात घालत नाही. उरलेलं अन्न आणि हाडं बाहेर टाकू नयेत. कुत्र्याला अंधार पडण्याआधी फिरवून आणावं. रात्री न्यावंच लागलं तर आखूड पट्ट्यावर, बॅटरी लावून, मोठ्याने बोलत. तो अंधाराकडे पाहून गुरगुरला तर सोडू नये.

जमिनीचा गारठा कुत्र्यालाही लागतो. त्याच्याखाली जुनी गोधडी दुहेरी घालावी. शेगडी किंवा निखाऱ्याची पाटी तंबूत घेऊन झोपू नये, त्यातून निघणाऱ्या विषारी वायूने माणसं झोपेतच जातात. शेकोटी कडब्याच्या गंजीपासून चांगली लांब. तंबूची चेन सतत बंद, सकाळी बूट झटकूनच पायात; घोणस आणि मण्यार दोन्ही आपल्याकडे आहेत. फोनमध्ये तीन नंबर आधीच साठवावेत: वनखात्याचा १९२६, पशुवैद्यकीय सेवेचा १९६२ आणि आणीबाणीचा ११२. सर्पदंशावरची लस कोणत्या दवाखान्यात मिळते, हे निघण्याआधीच फोन करून विचारलेलं असावं.

सकाळी चहा होईपर्यंत एक काम उरकून घ्यावं. कुत्र्याला कुशीवर आडवं करून एकेक पंजा हातात घ्यावा, बोटांच्या मधली त्वचा फाकवून पाहावी. हिवाळ्यात वाळलेल्या गवताची कुसळं तिथे टोक आत करून शिरतात. त्यांना उलटे बारीक काटे असल्यामुळे ती पुढेच सरकतात, मागे येत नाहीत, आणि दोन दिवसांनी तिथे गळू होतं. चिमट्याने सरळ ओढून काढावीत. कान हलवत असेल, डोकं एका बाजूला कलतं करत असेल तर कुसळ कानात गेलंय असं धरावं. तिथे काडी घालू नये, ते काम डॉक्टरांचं. मग काखा, कानाची मागची बाजू, शेपटीखाली हात फिरवून गोचीड शोधावी. सापडली तर कातडीलगत धरून सावकाश ओढावी, रॉकेल किंवा जळकी काडी लावू नये.

घरी आल्यावर सायकल धुवून चेनला तेल दिलं की तिचं काम संपतं. कुत्र्यावर मात्र पुढचे तीन आठवडे लक्ष ठेवावं. खाणं सुटलं, ताप आला, हिरड्या फिकट झाल्या किंवा नाकातून रक्त आलं तर तो गोचीड ताप असू शकतो. तो वेळेवर ओळखला तर औषधाने बरा होतो. डॉक्टरांकडे जाताना मुक्काम कुठे आणि कोणत्या तारखेला केला होता आणि त्याने काय काय खाल्लं, हे लिहून न्यावं. रक्ताच्या कोणत्या तपासण्या करायच्या हे त्यांना त्यावरून ठरवता येतं.